एकसारख्या दिसणाऱ्या दोन सफरचंदी गोगलगायी

गोड्या पाण्यात राहणाऱ्या, मोठ्या गोलगरगरीत शंखाच्या गोगलगायींना इंग्रजीत 'ॲपल स्नेल' म्हणतात. मराठीत सफरचंदी गोगलगाय म्हणायला हरकत नाही. या लेखात त्यांतल्या दोन जातींची तुलना केली आहे. दोन्ही मूळच्या दक्षिण अमेरिकेतल्या. दोन्ही आज आशियाच्या भातशेतीत शिरलेल्या. आणि दोन्ही दिसायला इतक्या सारख्या, की जवळजवळ तीस वर्षे शास्त्रज्ञ आणि सरकारी खाती त्यांना एकाच नावाने नोंदवत होती.

लेखाचे निमित्त घरगुती आहे. आमच्या शेजारच्या घरी काचेच्या पेटीत मासे आहेत आणि त्यांच्या सोबतीला दुकानातून आणलेल्या दोन पिवळ्या गोगलगायी. एके दिवशी पेटीच्या झाकणाला आतून, पाण्याच्या वर, फिकट गुलाबी रंगाचा अंड्यांचा घोस चिकटलेला दिसला. शेजारचा नातू, वय वर्षे नऊ, मला विचारायला आला, "आजोबा, एवढी पिल्ले आमच्या पेटीत मावणार नाहीत. अंडी किल्ला तलावात नेऊन सोडू का?" मी वाणिज्य शाखेचा माणूस, तेव्हा लगेच उत्तर देता आले नाही. 'सोडू नको' हे मनाने सांगितले, पण का, ते सांगायला बरेच वाचावे लागले.

आधी आपल्या घरची

परक्या गोगलगायींकडे जाण्यापूर्वी आपल्या गोगलगायीची ओळख हवी, कारण पुढची तुलना तिच्यावर बेतलेली आहे. भारतातही सफरचंदी गोगलगायी आहेत. त्यांच्या प्रजातीचे नाव पायला. (मराठी विश्वकोशाच्या पद्धतीप्रमाणे या लेखात 'प्रजाती' म्हणजे मोठा गट आणि 'जाती' म्हणजे त्यातला एकेक प्रकार असे धरले आहे.) उत्तरेकडच्या मैदानात पायला ग्लोबोसा आणि दक्षिण भारतात पायला व्हायरेन्स या दोन जाती सर्वांत परिचित. आमच्या वेळी बी.एस्सी.च्या मुलांना प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिकात पायलाचे विच्छेदन करावे लागे. बैनी प्रसाद यांनी 1925 मध्ये पायला ग्लोबोसाच्या शरीररचनेचा जो सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला, त्यावर आपल्याकडच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या शिकल्या.

पायला पाण्यात कल्ल्याने श्वास घेते आणि हवेत फुप्फुसासारख्या पिशवीने. दोन्ही सोयी एकाच शरीरात. उन्हाळ्यात तळे आटले की ती चिखलात खोल जाते, शंखाच्या तोंडावरचे झाकण घट्ट लावून घेते आणि पावसाची वाट पाहत पडून राहते. म्हणून पहिल्या मोठ्या पावसानंतर शेतात एकदम गोगलगायी दिसू लागतात. कन्नडमध्ये गोगलगायीला 'बसवन हुळू' म्हणजे बसवाचा, नंदीचा किडा म्हणतात, गुजरातीत 'गोकळगाय', तेलुगूत 'नत्ता'. गोव्यात पावसाळ्यात शेतातले कोंगे काढून त्यांची शाकुती करतात, ते तिकडच्या सभासदांना सांगायला नकोच.

एक खुलासा इथेच करतो. 2022 साली लातूर, बीड, धाराशिवकडे सोयाबीनची कोवळी रोपे फस्त करणारी शंखी गोगलगाय ही जमिनीवरची, आफ्रिकेतून आलेली, वेगळ्या कुळातली. तिचा या लेखाशी संबंध नाही, परका प्राणी आणून सोडण्याची तीही गोष्ट आहे इतकेच.

नावांचा घोळ

आता आपल्या दोघी. दक्षिण अमेरिकेतल्या सफरचंदी गोगलगायींच्या प्रजातीचे नाव पोमॅसिया. तिच्यातल्या दोन जाती म्हणजे पोमॅसिया कॅनॅलिक्युलॅटा आणि पोमॅसिया मॅक्युलॅटा. ही नावे प्रत्येक वेळी लिहिणे आणि वाचणे दोन्ही त्रासाचे. लॅटिनमध्ये पहिलीचा अर्थ पन्हळ असलेली आणि दुसरीचा ठिपके असलेली, म्हणून पुढे मी त्यांना पन्हळी आणि ठिपकेदार असेच म्हणणार आहे. पण सावध करतो. शंखाच्या वेटोळ्यांमधली खोल पन्हळ दोघींनाही असते आणि ठिपक्यांवरूनही दोघी ओळखू येत नाहीत. नावे केवळ नावे आहेत.

ठिपकेदार जातीला नाव मिळाले 1810 मध्ये, जॉर्ज पेरी या इंग्रज लेखकाकडून. पन्हळीला 1822 मध्ये फ्रान्सच्या लामार्कने नाव दिले. इथवर हिशेब सरळ होता. पुढे 1827 मध्ये ब्राझीलच्या एका मोठ्या गोगलगायीला 'गिगास' असे नाव दिले गेले आणि 1835 मध्ये दॉर्बिन्यी या फ्रेंच प्रवासी शास्त्रज्ञाने आणखी एकीला 'इन्सुलारम' म्हटले. त्या काळी शंख पाहून नाव देत असत आणि शंख तर वयाप्रमाणे, पाण्याप्रमाणे, खाण्याप्रमाणे बदलतो. ज्यांनी बँकेत काम केले आहे त्यांना हा प्रकार नवा वाटणार नाही. एकाच माणसाची तीन नावांनी तीन खाती, आणि दुसरीकडे एकाच नावाच्या खात्यात दोन वेगळ्या माणसांचे व्यवहार. गोगलगायींच्या बाबतीत दोन्ही चुका एकाच वेळी झाल्या होत्या. गिगास, इन्सुलारम आणि मॅक्युलॅटा ही तिन्ही नावे ठिपकेदारचीच होती. आणि आशियात 'पन्हळी' म्हणून जी नोंद होत होती, तिच्यात ठिपकेदारही मिसळलेली होती.

हा गुंता सुटायला जनुकांची तपासणी यावी लागली. 2007 मध्ये अमेरिकेतल्या नमुन्यांची तपासणी झाली, तेव्हा फ्लोरिडात जिला पन्हळी समजत होते ती 'इन्सुलारम', म्हणजे ठिपकेदार निघाली. 2008 मध्ये आशियातल्या नमुन्यांवरून दिसले की इथे एक नव्हे, दोन्ही जाती आहेत आणि त्या दक्षिण अमेरिकेतल्या वेगवेगळ्या ठिकाणांहून, वेगवेगळ्या वेळी आल्या आहेत. शेवटी 2012 मध्ये केनेथ हेज, रॉबर्ट काउई, सिल्वाना थिएंगो आणि एलन स्ट्राँग यांनी जनुके, शंख, अंडी आणि शरीराची अंतर्गत रचना असे सगळे एकत्र पडताळून दोन्ही जातींची ओळख पक्की केली. जुनी नावे रद्द झाली आणि पेरीचे 1810 चे नाव ज्येष्ठतेच्या नियमाने कायम राहिले.

ओळखायचे कसे

शंख बाहेरून पाहून खात्रीने सांगता येत नाही, हे पहिले. ठिपकेदार जास्त मोठी होते. पन्हळी साधारण 6-7 सेंटिमीटरपर्यंत वाढते, तर ठिपकेदार 10 सेंटिमीटर सहज ओलांडते आणि 15 सेंटिमीटरचेही शंख सापडले आहेत. पण लहान ठिपकेदार आणि मोठी पन्हळी शेजारी ठेवल्या तर उंचीवरून काय सांगणार? रंगही दोघींचा पिवळट, तपकिरी, हिरवट, पट्ट्यांचा किंवा बिनपट्ट्यांचा असू शकतो.

शंखाच्या दोन खुणा त्यातल्या त्यात उपयोगी आहेत. ठिपकेदारच्या वेटोळ्याचा 'खांदा' कोनदार असतो, पन्हळीचा गोलसर उतरतो. आणि ठिपकेदारच्या शंखाच्या तोंडाची आतली कड पिवळसर नारिंगी ते लालसर रंगलेली असते, पन्हळीत हा रंग नसतो. शरीर उघडून पाहिले तर नराच्या जननेंद्रियाच्या आवरणावरच्या ग्रंथी दोघींत वेगळ्या जागी असतात. शास्त्रज्ञांच्या दृष्टीने ही भक्कम खूण, आपल्याला तिचा उपयोग नाही.

सामान्य माणसासाठी खरी खूण अंडी. दोन्ही जातींच्या माद्या रात्री पाण्याबाहेर येऊन गवताच्या काडीवर, कालव्याच्या भिंतीवर, खांबावर अंड्यांचा घोस लावतात. घोसाचा रंग भडक गुलाबी. पिल्ले बाहेर यायची वेळ जवळ आली की तो फिका, पांढुरका होतो. उबदार हवेत साधारण दोन आठवड्यांत पिल्ले पाण्यात पडतात. इथपर्यंत दोघी सारख्याच. पण पन्हळीच्या एका घोसात सरासरी 260 च्या आसपास अंडी असतात आणि प्रत्येक अंडे सुमारे 3 मिलिमीटर व्यासाचे. ठिपकेदारच्या घोसात सरासरी 1500 च्या आसपास, कधी चार हजारांवर, आणि अंडे सुमारे 2 मिलिमीटरचे.

सवयीने मी याचा हिशेब मांडून पाहिला. 3 चा घन 27 आणि 2 चा घन 8. म्हणजे पन्हळीच्या एका अंड्यात ठिपकेदारच्या अंड्याच्या तिपटीहून जास्त माल असतो. 260 गुणिले 27 म्हणजे 7020, आणि 1500 गुणिले 8 म्हणजे 12000. ठिपकेदार आई एका घोसावर एकूण खर्च पावणेदोन पटीच्या आसपास करते, पण दर पिलाच्या वाट्याला पन्हळीच्या पिलाच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी येते. त्यामुळे पन्हळीचे नवजात पिल्लू ठिपकेदारच्या पिलाच्या जवळजवळ दुप्पट आकाराचे असते. एकीने थोड्या मुलांच्या नावे मोठ्या ठेवी ठेवल्या, दुसरीने पुष्कळांच्या नावे लहान. कोणाचे धोरण बरोबर, हे पाण्यावर, शत्रूंवर आणि अन्नावर अवलंबून. दोघी इतक्या पसरल्या, त्यावरून दोन्ही धोरणे चालतात असे दिसते.

मात्र 2013 मध्ये जपानी संशोधकांनी एक अडचण पुढे आणली. आशियात जिथे दोघी एकत्र राहतात तिथे त्यांच्यात संकर झाल्याचे पुरावे जनुकांत मिळाले.  अशा ठिकाणी अंडी पाहून किंवा एखाद-दुसरे जनुक तपासूनही खात्रीची ओळख पटतेच असे नाही.

आशियात आल्या कशा

ही गोष्ट व्यवसायाची आहे, म्हणून मला अधिक जवळची वाटली. 1979-80 च्या सुमारास अर्जेंटिनातून या गोगलगायी तैवानमध्ये आणल्या गेल्या, खाण्यासाठी पाळायला. भराभर वाढतात, काहीही खातात, मांस परदेशी पाठवता येईल अशी योजना होती. तैवानमध्ये त्यांना जे नाव पडले त्याचा अर्थ सुख आणि दीर्घायुष्य असा होतो. तिथून 1981 मध्ये जपान आणि चीन, मग फिलिपिन्स आणि पुढे बहुतेक सगळा आग्नेय आशिया. फिलिपिन्समध्ये तर गरीब शेतकऱ्याला प्रथिने आणि जोडधंदा मिळावा म्हणून तिचा प्रसार झाला. जपानमध्ये दोन वर्षांत सुमारे 500 ठिकाणी गोगलगायी पाळायचा धंदा सुरू झाला.

बाजार मात्र मिळाला नाही. लोकांना चव आवडली नाही, भाव पडला, पाळणाऱ्यांनी टाक्या रिकाम्या केल्या किंवा तशाच सोडून दिल्या, आणि गोगलगायी कालव्यांवाटे भातशेतीत पोचल्या. जपानने 1984 मध्ये आयात बंद केली, पण तोवर उशीर झाला होता. कर्ज देताना 'माल विकणार कोणाला?' हा प्रश्न आम्ही पहिल्यांदा विचारत असू. इथे तो शेवटी विचारला गेला.

फिलिपिन्सच्या भातशेतीचे 1990 या एका वर्षात किती नुकसान झाले, याचा अंदाज रोझामंड नेलर यांनी 1996 मध्ये मांडला. तो 42 कोटी 50 लाख ते 120 कोटी अमेरिकी डॉलर इतका होता. यात उत्पन्नातली घट, पुन्हा लावणीचा खर्च आणि औषधांचा खर्च आला. औषधांमुळे आजारी पडलेली माणसे, मेलेले मासे हे हिशेबात नाहीत.

ही गोगलगाय कोवळे रोप पाण्याखाली बुंध्याशी कुरतडते. रोप आडवे पडते आणि सकाळी तिथे नुसते पाणी दिसते. तरव्यातून काढून लावलेल्या रोपांना पहिले 15 दिवस धोक्याचे, थेट पेरलेल्या भाताला जवळजवळ 30 दिवस. त्यानंतर बुंधा कठीण झाला की तिला जमत नाही. आपल्या खानापूर भागात दोन्ही पद्धतींनी भात होते, म्हणून हा फरक मुद्दाम दिला. फिलिपिन्समधल्या लॉस बान्योस इथल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेचा सल्ला साधा आहे. त्या दिवसांत शेतात पाणी अगदी उथळ ठेवावे, म्हणजे गोगलगायीला फिरता येत नाही. शेतात लहान चर काढावेत, तिथे त्या गोळा होतात आणि हाताने वेचता येतात. पाणी येण्याच्या तोंडाला जाळी लावावी. अंड्यांसाठी बांबूच्या काठ्या रोवाव्यात आणि घोस लागले की काढून टाकावेत. शेतात बदके सोडली तर तीही खातात. आपली पायला या प्रमाणात भाताची कीड म्हणून ओळखली जात नाही. इतकेच नव्हे, पाहुणी आल्यावर आशियात काही ठिकाणी मूळच्या पायला जाती कमी झाल्याच्या नोंदी आहेत.

ओळख चुकल्याने काय बिघडले

कोणी म्हणेल, दोघीही भात खातात, दोघीही नकोत, मग कोणती कोणती याची चिकित्सा कशाला? मलाही आधी तसेच वाटले होते.

पण मूळ प्रदेश पाहा. पन्हळी ही पाराना, उरुग्वे आणि ला प्लाटा या नद्यांच्या खालच्या खोऱ्यातली, म्हणजे अर्जेंटिना-उरुग्वेच्या बेताच्या थंड हवेतली. ठिपकेदारचा मुलूख ला प्लाटापासून थेट ॲमेझॉनच्या खोऱ्यापर्यंत, म्हणजे ती थंडीतलीही आणि विषुववृत्ताजवळच्या उष्ण, दमट हवेतलीही. एखादा परका प्राणी पुढे कुठे टिकेल याचा अंदाज त्याच्या मूळ प्रदेशाच्या हवामानावरून बांधतात. दोन जातींची माहिती एका नावाखाली गेली, तर तो अंदाज दोघींसाठीही चुकतो. निसर्ग संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जगातल्या सर्वांत उपद्रवी 100 परक्या जीवांची जी यादी केली, तिच्यात पन्हळीचे नाव आहे. ठिपकेदारचे नाही, कारण यादी झाली तेव्हा तिच्या नावावरचा बराच व्यवहार पन्हळीच्या खात्यात जमा होता.

स्पेनमध्ये 2009 साली एब्रो नदीच्या त्रिभुज प्रदेशातल्या भातशेतीत सापडली ती ठिपकेदार. युरोपात भात पिकवणारे मुलूख मोजकेच, आणि त्यांतला हा एक महत्त्वाचा. तिथे शेते कोरडी ठेवून पाहिली, समुद्राचे खारे पाणी शेतात घेऊन पाहिले. संख्या घटवता आली, समूळ नाश झाला नाही. त्यातून 2012 च्या अखेरीस युरोपीय संघाने एकदोन जाती निवडत न बसता संपूर्ण पोमॅसिया प्रजातीच्याच आयातीवर आणि प्रसारावर बंदी घातली. दुकानदाराच्या चिठ्ठीवरच्या नावावर विसंबायचे नाही, असा त्याचा अर्थ. मला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो.

फ्लोरिडातली हकिकत उलट दिशेची आहे. तिथे गोगलगायींवरच जगणारी एक घार आहे. तिची वाकडी, बारीक चोच शंखातून मांस ओढून काढण्यासाठीच घडलेली. तिचे खाणे म्हणजे तिथली मूळची लहान सफरचंदी गोगलगाय. ती कमी झाली तशी घारही झपाट्याने कमी होत गेली. मग ठिपकेदार पसरली. सुरुवातीला कोवळ्या घारींना एवढा मोठा शंख धरणे जमेना. पण पुढे घारींची संख्या सावरली, आणि त्यांची मोजमापे घेणाऱ्यांना दिसले की दहा वर्षांच्या आत त्यांचे शरीर आणि चोच सरासरीने मोठी झाली आहे. इकडे थायलंडमध्ये मुग्धबलाक, म्हणजे मिटलेल्या चोचीतही फट राहणारा तो करकोचा, जो आपल्याकडे रंगनथिट्टूलाही दिसतो, तोही या पाहुण्या गोगलगायींवर चांगला पोसला गेला आहे. म्हणून त्या सोडाव्यात असे नव्हे. पण एका पक्ष्याचे भले झाले हे लपवायचेही कारण नाही.

गुलाबी रंग कशासाठी

एवढा भडक घोस उघड्यावर ठेवून मादी निघून जाते आणि तरी तो फारसे कोणी खात नाही. याचे उत्तर अर्जेंटिनातल्या ला प्लाटा इथल्या संशोधकांनी शोधले. अंड्यांतल्या द्रवात अशी प्रथिने आहेत जी पचत नाहीत, खाणाऱ्याच्या आतड्यावर परिणाम करतात, आणि त्यांतले एक तर मज्जासंस्थेला विषारी आहे. उंदरांना ते टोचले तेव्हा ते मेले. गुलाबी रंग ज्या द्रव्याचा, तेही एका प्रथिनाशी बांधलेले असते आणि अंड्याला उन्हापासून जपते. अशी विषारी प्रथिने दोन्ही जातींत सापडली आहेत. अंडी खाणारा म्हणून नाव घेण्यासारखा शत्रू म्हणजे एक जातीची आगमुंगी, फार नव्हेत.

घरातल्या मुलांनी घोस हाताळू नये. हात लागलाच तर साबणाने धुवावेत.

गोगलगायीच्या मांसाचा धोका वेगळा आहे. उंदरांच्या फुप्फुसात वाढणारा एक सूक्ष्म जंत आपल्या आयुष्याचा काही काळ गोगलगायीत काढतो. असे मांस कच्चे किंवा अर्धे शिजवलेले पोटात गेले तर जंत मेंदूच्या आवरणापर्यंत पोचून सूज आणू शकतो. 2006 मध्ये बेजिंगमध्ये अर्धवट शिजवलेल्या पोमॅसिया गोगलगायी खाऊन शंभराहून अधिक लोक या आजाराने पडले. आपल्याकडे कोंगे उकडून, मसाल्यात चांगले शिजवून खातात, ती रीत बरोबर आहे. तीच ठेवावी.

दुकानात कोणती मिळते

शोभेच्या माशांच्या दुकानात 'ॲपल स्नेल' किंवा 'मिस्ट्री स्नेल' म्हणून मिळते ती बहुधा या दोघींची तिसरी नातलग, पोमॅसिया डिफ्यूजा. ही ॲमेझॉनकडची. पुष्कळ वर्षे तिलाही चुकीच्या नावाने, 'ब्रिजेसी' म्हणून विकत असत. म्हणजे घोळ या घराण्याला नवा नाही. ती मुख्यतः शेवाळ आणि कुजके पाने खाते, ताज्या वनस्पतींना फारशी तोंड लावत नाही, म्हणून पेटीत पाळायला चालते. तिच्या शंखाची वेटोळी एकमेकांना जवळजवळ काटकोनात मिळतात, पन्हळी आणि ठिपकेदारमध्ये तिथे खोल खाच असते. तिच्या अंड्यांचा घोस फिकट, मातकट गुलाबी असतो आणि अंडी मधाच्या पोळ्यासारखी दाटून बसलेली दिसतात.

पण दुकानातल्या पिशवीत लहान पिल्लू असते. ते डिफ्यूजाचे की पन्हळीचे, हे विकणाऱ्याला माहीत नसते आणि आपल्यालाही कळत नाही. पन्हळी शेजारच्या म्यानमारमध्ये पोचली आहे. शिवाय या गोगलगायींची मादी एकदा मीलन झाल्यावर कित्येक आठवडे अंडी घालू शकते, त्यामुळे तळ्यात जोडी सोडावी लागते असे नाही. एक मादी पुरते.

आपल्या आसपास कोणती आहे हे पाहायचे असेल तर दोन साध्या कसोट्या आहेत. पायला आपली अंडी पाण्याकाठच्या ओल्या मातीत, बिळासारख्या खोलगट जागी घालते आणि ती पांढरी असतात. काडीवर, दगडावर, पुलाच्या खांबावर पाण्याच्या वर गुलाबी घोस दिसला तर ती पायला नाही. दुसरी कसोटी झाकणाची. शंखाच्या तोंडावरचे झाकण पायलाचे चुनखडीचे, कठीण, आतून पांढरे चकचकीत असते. पोमॅसियाचे झाकण नखासारखे, तपकिरी आणि लवचीक असते. रिकाम्या शंखाजवळ झाकण पडलेले सापडले तरी एवढे कळते. मंडळाच्या सहलीत किंवा शेतावर असा गुलाबी घोस कोणाला दिसला तर त्याचा फोटो काढावा, जागा लिहून ठेवावी आणि जवळच्या कृषी विभागाच्या कार्यालयाला किंवा कृषी विज्ञान केंद्राला कळवावे.

घरच्या पेटीत अंडी झाली तर ती गटारात, ओढ्यात किंवा विहिरीत टाकू नयेत. हातमोजे घालून घोस खरवडावा, पिशवीत घट्ट बांधावा, एक-दोन दिवस फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवावा आणि मग ओल्या कचऱ्यात द्यावा. नको झालेल्या गोगलगायी दुकानदाराला परत द्याव्यात. पेटीचे पाणी बदलताना ते बागेत झाडांना घालावे, म्हणजे एखादे पिल्लू असले तरी पाण्याच्या वाटेला लागत नाही.

शेजारच्या पेटीतला घोस डिफ्यूजाचा असावा असे त्याच्या रंगावरून आणि बांधणीवरून मला वाटले. नातवाला मी एवढेच सांगितले की बहुधा ही गरीब स्वभावाची आहे, पण मी चुकलो तर खानापूरच्या शेतकऱ्याला ते निस्तरावे लागेल. त्याने थोडा विचार केला, मग आईकडून जुना प्लास्टिकचा डबा मागून आणला आणि घोस स्वतः खरवडला. मी फक्त डबा धरला.